तेरा दिवस अलीकडे

"शिडी हलवू नकोस," ओदार्का वरून म्हणाली.

"मी हलवत नाहीये, तूच थरथरतेयस," मी खालून म्हणाले. "सत्तरी जवळ आली, आणि झाडावर चढून सफरचंदांना झबली घालतेस. पडलीस तर उचलणार कोण? मी? माझे गुडघे बघितलेस?"

दातात दोरा धरून ती एका फळावर कापडाची पिशवी चढवत होती. पिशवी फळाखालून वर घ्यायची, तोंड आवळायचं आणि दोरा डहाळीला बांधायचा. देठ सुटला तरी फळ पिशवीतच राहावं, जमिनीवर आपटू नये, म्हणून हा खटाटोप. पिशव्या माझ्या भावाच्या शर्टांच्या होत्या. त्यातला निळ्या चौकड्यांचा शर्ट मीच त्याला दुकानातून आणून दिला होता.

रस्त्यानं सायकलवरून जाणारा एकजण थांबला, वर बघितलं आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी हातानंच त्याला वाटेला लावलं. सगळ्या गावाला कळलं होतं, ओदार्का या वर्षी आपल्या झाडाची फळं राखतेय. आणि कशासाठी राखतेय, हेही गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. मीही तेच ठरवलं होतं.

ओदार्का माझी वहिनी. माझा भाऊ यूखिम गेल्यापासून त्या घरात ती एकटीच राहते, आणि मी शेजारच्या घरात. दोन घरांमधल्या कुंपणाच्या दोन फळ्या कधीच्या काढून टाकल्यात. वळसा घालून जाण्याइतका धीर मला नाही.

झाड बिली नालिवचं. नावाचा अर्थ पांढरं, रसानं भरलेलं. ही जात मुळात उतावळी. बाकीची सफरचंदं हिरवी, दगडासारखी असतात तेव्हा जुलैच्या मध्यावर ही पांढरी पडायला लागतात. साल इतकी पातळ की बोट दाबलं तर दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी डाग. पूर्ण पिकलेलं फळ उन्हात धरलं की आतल्या बिया दिसतात म्हणे. मला कधी दिसल्या नाहीत, पण माझे डोळे दुकानातल्या तराजूकडे बघून बघून गेलेत. असं फळ झाडावर जेमतेम दोन आठवडे टिकतं. मग आतून पीठ होतं, साल तडकते आणि एकेक फळ खाली पडतं. तालुक्याच्या बाजारात नेलं तर वरचा थर विकायचा आणि खालचा परत आणून डुकराला घालायचा. तळघरात ठेवा, पेंढ्यात ठेवा, धान्यात पुरा, ते टिकत नाही. ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी हिवाळी जाती आहेत, त्या मार्चपर्यंत राहतात.

आता आमचा स्पास सांगितला पाहिजे. स्पास म्हणजे सफरचंदांचा सण, तो एकोणीस ऑगस्टला यायचा. टोपली घेऊन चर्चमध्ये जायचं, फादर पवित्र पाणी शिंपडतात, आणि मग वर्षातलं पहिलं सफरचंद खायचं. तोवर कुणी थांबतं असं नाही. पोरं जूनपासून हिरवी खाऊन पोट धरून बसतात. पण जिचं मूल गेलंय, ती बाई थांबते. कारण स्पासला वरती, ती मुलं जिथे असतात तिथे, त्यांनाही सफरचंदं वाटली जातात. ज्या मुलाच्या आईनं सणाआधी खाल्लं, त्याच्या हातावर काही ठेवत नाहीत. त्याला सांगतात, तुझं डुकरानं खाल्लं.

हे ओदार्काला माझ्या आईनं सांगितलं. लेव्कोला पुरून आम्ही घरी आलो, बायका भांडी घासत होत्या, आणि आईनं ओले हात पुसत तिला हे सांगितलं. मी तिथेच उभी होते. त्या वाक्यासाठी मला आईचा अजून राग येतो. देव तिचं भलं करो, पण येतो.

लेव्को म्हणजे ओदार्का आणि यूखिमचा मुलगा. त्याच्या जन्माच्या वर्षी यूखिमनं हे कलम लावलं. बाकीच्या जाती सात-आठ वर्षं नुसती पानं दाखवतात, ही मात्र लहानपणीच धरते. लेव्को पाच वर्षांचा झाला त्या वसंतात झाडाला पहिला बहर आला, आणि त्यातली मूठभर फळं राहिली. पोरगं दिवसभर झाडाखाली. एक हिरवं तोडून त्यानं चावलं, तोंड वाकडं करून थुंकलं आणि उरलेलं बापाच्या खिशात घातलं. यूखिम म्हणाला, जुलैत ये. जूनच्या शेवटी पोराला ताप चढला, मान ताठ झाली, तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत मेंदूत गेलं होतं. फळं पांढरी झाली तेव्हा तो नव्हता.

ओदार्का रडली असेल. मी बघितलं नाही. मी बघितलं ते एवढंच, की त्या दिवसापासून ती बधिर झाली. हातावर झोपलं की हात जसा आपला राहत नाही, तशी. स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, विचारलं तर बोलायची. लग्नाची बातमी आणि मयताची बातमी एकाच आवाजात सांगायची. पुढे मूल झालं नाही, त्याबद्दलही ती काही बोलली नाही. लोकांना वाटायचं ती गर्विष्ठ आहे. मीही तिला काय काय बोललेय, पण ते सांगत बसत नाही.

तिची नोकरी सामुदायिक शेताच्या बागेत होती, वर्गवारीच्या शेडमध्ये. यापेक्षा वाईट चेष्टा कुणी केली नसती. सबंध उन्हाळा तिच्या पुढ्यातून सफरचंदं जायची. मोठी एकीकडे, लहान दुसरीकडे, डाग पडलेली रसाच्या पेटीत. बाकीच्या बाया दिवसभर खायच्या. ती दुपारी पाव, कांदा आणि मिठात मुरवलेली डुकराची चरबी खायची आणि परत फळांच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहायची. एकदा मुकादमानं फोडीवर फोडी करत तिच्यापुढे धरल्या. म्हणाला, "खा की, कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," ओदार्का म्हणाली.

त्यानं परत तिला विचारलं नाही. शेड बंद पडली, बाग तोडून तिथे सूर्यफूल आलं, तरी तिचा नियम तसाच राहिला. स्पासनंतर ती सगळं खायची, उशिराची आंबट, लाल, कसलीही. बिली नालिवचा मुरंबासुद्धा हिवाळ्यात खायची. पण मुरंब्यात साखरच असते हो. झाडावरून तोडलेलं, रसरशीत, ज्याची पोरानं वाट बघितली ते फळ तिनं कधी तोंडात घातलं नाही. ते स्पासपर्यंत राहायचंच नाही. दर जुलैला ती बादल्या भरभरून गावात वाटायची, मलाही द्यायची, आणि स्वतः बोटं चाटायलाही घाबरायची.

माझ्या भावाचे यात नाकी नऊ आले. यूखिम पंपांची दुरुस्ती करायचा. बिघडलेली वस्तू दुरुस्त होतेच, असा त्याचा विश्वास होता. त्यानं ठरवलं, झाडाला उशीर करायचा. फेब्रुवारीत अंगणभरचा बर्फ फावड्यानं ओढून बुंध्याभोवती ढीग लावायचा, त्यावर पेंढा घालायचा, म्हणजे मुळं गार राहतील, फुलोरा उशिरा येईल. आलाही, चार दिवस उशिरा. त्यानं एक फांदी हिवाळी जातीवर कलम करून बघितली. फळं विहिरीत बादलीत सोडून ठेवली. घरात फ्रिज आला तेव्हा त्याला वाटलं, आता जिंकलो. कच्ची तोडून, कागदात गुंडाळून ठेवली आणि एकोणीस ऑगस्टला चर्चमधून आल्यावर एक बशीत घालून तिच्यापुढे ठेवलं. तिनं एक घास खाल्ला. बराच वेळ चावला.

"कापूस," ती म्हणाली. मग बशी त्याच्याकडे सरकवून म्हणाली, "तू नको वाईट वाटून घेऊस. झाडच तसं आहे."

तो बाहेर जाऊन उगीचच पंप उघडून बसला. पुढच्या फेब्रुवारीत परत फावडं घेऊन बर्फ ओढत होता. मरेपर्यंत ओढत होता. शेवटच्या वर्षी तर मीच ओढला आणि तो खिडकीतून हातवारे करून, इकडे टाक, तिकडे टाक, करत होता.

आणि मग गेल्या वर्षी चर्चनं कॅलेंडर बदललं. सप्टेंबरपासून सगळे सण तेरा दिवस अलीकडे आले. नाताळ बदलला तेव्हा लोक कुरकुरले आणि जेवले. पण स्पासचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, ते जुलैत एका रविवारी फादर नझारनी सांगितलं, यंदा सहा ऑगस्टला टोपल्या आणा. आमचे फादर तरुण आहेत, दाढी अजून नीट भरायचीय. मागून एक म्हातारा म्हणाला की तारीख बदलली म्हणून सफरचंदं पिकणार आहेत का, आणि टोपलीत काय बटाटे आणायचे? लोक हसले. कुणीतरी म्हणालं, सहा तारखेला पिकलेलं सफरचंद एकाच घरात असेल. आणि मग सगळ्यांनी ओदार्काकडे बघितलं, हसू तिथेच थांबलं.

मला तोवर सुचलंच नव्हतं. सहा ऑगस्टला बिली नालिवची शेवटची, शेंड्याची, उत्तरेकडची फळं झाडावर असतात. चांगली असतात. माझ्या भावानं जन्मभर बर्फ ओढून जे चार दिवस मिळवले, ते या लोकांनी एका कागदावर तेरा करून दिले होते.

प्रार्थना संपल्यावर ओदार्का फादरांकडे गेली. मी मागोमाग.

"फादर, तिकडे कळवलंय का?" तिनं विचारलं.

"कुठे, आजी?"

"तिकडे. मुलांना. की स्पास बदलला म्हणून."

फादरांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "आजी, देवाकडे तारखा नसतात."

"देवाकडे नसतील. पण मुलं सवयीनं येतात," ती म्हणाली. "मी सहाला खाल्लं, आणि तिकडे एकोणीसलाच वाटलं, तर?"

फादर गळ्यातला क्रूस बोटांनी फिरवत राहिले. ते काहीही सांगू शकले असते आणि आम्ही ऐकलं असतं. ते म्हणाले, "मला माहीत नाही, आजी." त्यासाठी मला तो पोरगा आवडतो.

घरी येताना माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. मी म्हणाले, चर्चनंच बदललं म्हणजे झालं, वर काय आणि खाली काय, चर्च एकच. म्हणाले, यूखिम असता तर यंदा तुला उचलून झाडावर बसवलं असतं. म्हणाले, इतकी वर्षं थांबलीस, आता मरायच्या आधी एकदा खा, पोराला जे हवं होतं ते कसं लागतं ते तरी बघ. ती ऐकत होती. फाटकाशी आल्यावर म्हणाली, "बघू." आणि आठवड्याभरात तिनं पिशव्या शिवायला घेतल्या. मी काय समजायचं?

यंदा फळं फार नव्हतीच. मे महिन्यात दंव पडून निम्मा फुलोरा करपला, आणि जुलैत असं ऊन पडलं की एरवी दोन आठवड्यांत पिकणारी फळं आठवड्यातच पांढरीफटक झाली. एकेक धपधप पडत होतं. मी अंथरुणात पडून ते आवाज ऐकायचे आणि सकाळी उठून आधी तिच्या झाडाकडे जायचे, पिशव्या अजून भरलेल्या दिसतायत ना बघायला. माझा जीव टांगणीला लागला होता. ओदार्का मात्र रोज झाडाला दोन बादल्या पाणी घालायची आणि आत जायची.

याच दिवसांत उस्तिनाचं येणं वाढलं होतं. उस्तिना तीन घरं सोडून राहते, शाळेत स्वयंपाक करते. तिचा मुलगा झाखार नोव्हेंबरात पूर्वेला आघाडीवर मारला गेला. तेवीस वर्षांचा. पेटी बंद होती, तिला बघायला मिळालं नाही. जूनमध्ये ती पहिल्यांदा ओदार्काकडे आली तेव्हा मी तिथेच बाकावर बसून वाटाणे सोलत होते. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "मावशी, ते सफरचंदाचं, मोठ्या मुलालाही लागू होतं का?"

"आई होतीस ना त्याची?" ओदार्कानं विचारलं.

"हो."

"मग होतं."

मला असा संताप आला की वाटाणे सांडले. म्हटलं, झालं, आणखी एक. माझ्या आईनं ओल्या हातांनी जे केलं तेच आता ही करतेय. उस्तिना गेल्यावर मी तसं बोललेही. ओदार्का खाली वाकून वाटाणे गोळा करत म्हणाली, "तिला काहीतरी पाळायला हवं, फ्रोस्या. नाहीतर ती दिवसभर काय करेल?" मीही खाली बसून वाटाणे गोळा करायला लागले.

तेव्हापासून उस्तिना संध्याकाळी यायची, त्या झाडाखाली बसायची. दोघी बोलायच्या नाहीत. फोनवर हवाई हल्ल्याचा भोंगा वाजायचा, वाजून वाजून बंद व्हायचा, दोघी तशाच. मी कुंपणातून डोकावून परत फिरायचे. मला त्यांची भीती वाटायची, खरंच.

सहा ऑगस्ट उजाडला. मी नवा रुमाल बांधून आले तर ओदार्का शिडी लावून तयार. मी शिडी धरली. काही पिशव्यांत फळाचं पीठ झालं होतं, ती तिनं कोंबड्यांना टाकली. चार फळं मात्र धड निघाली. डाग नाही, कीड नाही, वरून जणू मेण चोळलेलं. तिनं ती टोपलीत भरतकामाच्या पंच्यावर ठेवली, बाजूला खसखशीची बोंडं आणि मधाची वाटी.

चर्चच्या अंगणात टोपल्यांची ओळ लागली होती. लोकांनी हिरवी, कडक सफरचंदं आणली होती, काहींनी दुकानातली, चकचकीत, वरचं लेबलही न काढता. फादर नझार झाडूसारख्या जुडीनं पाणी शिंपडत आले. ओदार्काच्या टोपलीपाशी थांबले आणि जुडी परत बुडवून एकदा जास्तीच शिंपडली. फळांवर थेंब उभे राहिले. मग नेहमीचं सुरू झालं, चाकू निघाले, फोडी एकमेकांच्या तोंडात, हिरवं खाऊन पोरांच्या वेड्यावाकड्या तोंडांवर हसणं. मी माझी फोड हातात धरून ओदार्काकडे बघत होते. बऱ्याच जणी बघत होत्या.

तिनं पंच्याचं टोक फळांवर ओढलं आणि म्हणाली, "चल."

मला वाटलं, तिला एकटीनं खायचंय. आधी पोराजवळ जायचंय. चर्चपासून स्मशान लांब नाही, रस्त्याला लागूनच आहे. नवीन भागात झेंडे लावलेत ते आधी दिसतात, लेव्को मागे, जुन्या बर्चखाली. फाटकाशी आल्यावर मी कडी काढायला हात पुढे केला, आणि ओदार्का सरळ पुढे चालत गेली.

"वहिनी."

ती थांबली.

"आत नाही यायचं?"

"एकोणीसला येईन," ती म्हणाली. "आज त्याचा स्पास नाही."

मी रस्त्यात उभी राहिले. टोपली तिच्या हातातून हिसकावून शेतात भिरकावून द्यावी असं मला वाटलं. मी तिला बोलले. म्हणाले, माझा भाऊ तुझ्यासाठी बर्फ ओढता ओढता मेला. म्हणाले, एकोणीसला तुझ्या झाडावर पान आणि कोळी याशिवाय काही नसेल, तू परत दुसऱ्या कुणाचं तरी आंबट लाल सफरचंद खाशील. म्हणाले, आयुष्यात एक दिवस तुला मोकळा करून दिला, तोही तुला नको. म्हणाले, तू दगड आहेस. रस्त्यावर लोक होते, तरी म्हणाले.

ओदार्कानं सगळं ऐकून घेतलं. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "त्याला नव्या तारखेचं कोण सांगणार, फ्रोस्या? पाच वर्षांचा आहे तो."

आणि ती चालायला लागली. मी तिच्या मागून गेले, दुसरं काय करणार? ती घराकडे वळली नाही. तीन घरं पुढे गेली आणि उस्तिनाच्या अंगणात शिरली.

उस्तिना चर्चला आली नव्हती. दारातल्या पायरीवर बसली होती, अंगात शाळेचा पांढरा झगा, शाळेला सुट्टी असताना. समोर काकड्यांनी भरलेलं घमेलं आणि रिकाम्या बरण्या. आम्हाला बघून ती उठायला लागली. ओदार्कानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं, पंचा काढला, टोपलीतलं सगळ्यात मोठं फळ तिच्या हातात दिलं.

"खा," ती म्हणाली.

"आज?"

"आज स्पास आहे. पाणी शिंपडून आणलंय."

उस्तिना फळाकडे बघत राहिली. "मावशी, तुम्ही खाल्लंत?"

"माझं एकोणीसला. माझा जुन्या तारखेचा आहे." ओदार्का तिच्या शेजारी पायरीवर बसली. "तुझं तसं नाही. कॅलेंडर सप्टेंबरात बदललं. झाखार नोव्हेंबरात गेला. त्याला नवी तारीख ठाऊक आहे. तो आज आला असेल घ्यायला. तू खा, म्हणजे त्याला देतील."

मी दारातल्या पाण्याच्या पिंपाला धरून उभी होते. पिशव्या कुणासाठी शिवल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. मी तिला दगड म्हटलं होतं.

उस्तिनानं चावलं. बिली नालिव चावलं की वेगळाच आवाज होतो, गोठलेल्या बर्फाच्या पापुद्र्यावर पाय पडल्यासारखा, आणि रस लगेच बाहेर येतो. तो तिच्या हनुवटीवरून झग्यावर उतरला. तिनं पुसला नाही. ती चावत होती, आणि ओदार्का पुढे वाकून तिच्या तोंडाकडे बघत होती. इतक्या वर्षांत तिला असं कशाकडे बघताना मी पाहिलं नव्हतं.

"कसं आहे?" ओदार्कानं विचारलं.

उस्तिनानं घास गिळला. "मला चवच लागत नाही, मावशी," ती म्हणाली. "तेव्हापासून. शाळेत पोरं सांगतात, मीठ कमी आहे, मीठ जास्त आहे. मला काही कळत नाही."

"आंबट की गोड, एवढंही नाही?"

उस्तिनानं आणखी एक घास घेतला. प्रामाणिकपणे, डोळे मिटून चावला. मग नकारार्थी मान हलवली.

मी सांगू शकले असते. दर जुलैला मी त्याच झाडाखाली वाकून ती खातेय. आधी आंबट, दात शिवशिवतात, मग फेस यावा तसं गोड होतं आणि जिभेवर काही उरत नाही. मला तोंडपाठ आहे. पण ओदार्कानं मला कधी विचारलं नव्हतं, आणि आताही माझ्याकडे वळून बघितलं नाही.

"बरं," ओदार्का म्हणाली. "कळायला लागलं की मला सांग. पुढच्या वर्षी सांगितलंस तरी चालेल."

उस्तिना "हो" म्हणाली आणि खात राहिली. गर संपला, मग मधला भाग, बिया, शेवटी देठ तेवढा बोटांत राहिला. ओदार्कानं टोपलीतलं दुसरं फळ घेतलं, आपल्या स्कर्टला नीट पुसलं आणि तिच्या हातात दिलं.